काट्झबाल्गर, आठ महिन्यांनंतर: तलवार छान, पण ते 'खट्' काही जाईना

चौथ्या महिन्यात क्रॉसगार्ड, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधला आडवा दांडा, हलायला लागला. पातं धरून मनगटाला हलका झटका दिला की 'खट्'. काट्झबाल्गर म्हणजे जुन्या जर्मन पायदळाची आखूड तलवार, तिचा क्रॉसगार्ड 'एस'सारखा वळलेला. माझी बोथट धारेची, सरावाची प्रतिकृती आहे: एकूण लांबी ८४ सेंमी, वजन १४५० ग्रॅम, मुठीच्या टोकाला नट. विक्रेत्याचं उत्तर आलं, "नट आवळा." आवळला, तर मुठीच्या लाकडाला दोन सेंमीची चीर. मग म्हणे नट जास्त आवळला, वॉरंटी संपली. परत पाठवायचा खर्च दोन्ही बाजूंनी गिऱ्हाइकाचाच.

नट आवळून हे जाणारच नव्हतं, कारण दुखणं त्या 'एस' आकारातच आहे. साध्या क्रॉसगार्डचे दोन्ही हात पात्याच्या रुंदीच्या रेषेत असतात. त्यावर बसणारा मार टँगच्या, म्हणजे मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या शेपटाच्या, रुंद बाजूवर येतो, इथे २५ मिमी. काट्झबाल्गरचे हात मात्र वळून पात्याच्या सपाट बाजूंसमोर येतात. समोरची तलवार पात्यावरून घसरत त्या वेटोळ्यावर आदळली की क्रॉसगार्ड कलतो आणि सगळा पीळ टँगच्या जाडीवर पडतो. ती जेमतेम ५ मिमी. त्यात कारखान्याने क्रॉसगार्डमधली टँग जायची खाच अर्ध्या मिमीने सैल कापलेली. नट आवळला तर लाकूड दबतं, खाच आहे तेवढीच राहते.

उपाय पितळी पत्र्याचा, ०.२ मिमीचा. पातं चामड्यात गुंडाळून शिकंज्यात धरायचं, नट, पॉमेल (मुठीच्या टोकाचा गोळा), मूठ, क्रॉसगार्ड या क्रमाने सोडवायचं आणि टँगवरचं तेल पूर्ण पुसायचं. पत्र्याच्या दोन पट्ट्या टँगच्या दोन्ही सपाट बाजूंना लावायच्या, कडांना नाही. पट्टी क्रॉसगार्डच्या जाडीपेक्षा २ मिमी लांब ठेवून वरचं टोक दुमडायचं, नाहीतर ठोकताना ती आत सरकते. मग खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्याने क्रॉसगार्ड खाली बसवायचा, डावी-उजवीकडे आळीपाळीने हलके ठोके देत. पात्याच्या खांद्यापाशी (जिथे पातं संपून टँग सुरू होतो) उजेडाची फट दिसली तर कानस मारायची वेळ आली समजा. शेवटी नटला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद. एपॉक्सी भरू नका: माराने तिचा भुगा होतो आणि पुढच्या वेळी काही सुटत नाही. वेल्डिंग तर नकोच, खांद्याजवळचं पोलाद मऊ पडतं आणि तलवारी तुटतात त्या तिथेच.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. युरोपातून आलेली फिरंगी पाती देशी मुठीत बसवायची, तीही लाख-राळेचं मिश्रण ओतून. सगळी पोकळी भरलेली, खडखडाट कुठून होणार? आणि पातं बदलायचं तर मूठ तापवायची.

आता आधीचं मत थोडं मागे घेतो. पहिले दोन महिने मला हा 'एस' निव्वळ नखरा वाटत होता. मोठं कारण म्हणजे हातमोजे. कडक कवचाचे सरावाचे मोजे वेटोळ्याला अडकतात, अंगठा पात्याच्या सपाटीवर टेकवताच येत नाही. चामड्याचे पातळ गादीवाले मोजे घातले तर पकड उत्तम बसते, पण जोरदार जोडी-सराव विसरा. मात्र अगदी जवळून, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरात, या आकाराला तोड नाही. टोकं आत वळलेली, म्हणून कपड्यात की पट्ट्यात काही अडकत नाही, आणि बोटांच्या बाजूला सरळ दांड्याने जी जागा उघडी पडते ती इथे झाकलेली. १४८० च्या दशकापासून जर्मन लान्ड्सक्नेख्ट, म्हणजे भाडोत्री पायदळ सैनिक, भाल्यांच्या दाटीत लढायचे आणि ही तलवार कमरेला जवळजवळ आडवी लटकवायचे. तिथे लांब सरळ दांडा शेजाऱ्याच्याच बरगडीत गेला असता. वेटोळ्यांचं वजन हातापाशीच राहतं म्हणून रुंद पातं असूनही तोल क्रॉसगार्डपासून ९ सेंमीवर आहे.

गंजाकडे लक्ष ठेवा. दांड्याला दोरीसारखा पीळ दिलेला असतो, त्या खोबणीत फडकं पोचत नाही. जुना टूथब्रश आणि मशीन ऑइल, आठवड्यातून एकदा. हाताचा घाम तिथेच साचतो.

पितळी पट्ट्या बसवून चार महिने झाले. 'खट्' गेलं होतं, गेल्या आठवड्यात अगदी बारीक परत आलं, फक्त डाव्या वेटोळ्याकडे. आता ०.३ चा पत्रा आणला आहे. पाच तारे द्यायची तयारी होती. खाच सैल म्हणून एक कापला, वॉरंटीच्या उत्तरासाठी आणखी एक.