धक्का ओसरल्यावरही टिकलेले भयपट

एक्स्ट्रीम हॉररची, म्हणजे हिंसा आणि किळस टोकाला नेणाऱ्या भयपटांची, शिफारस बहुतेक वेळा एकाच मापानं होते. कुठल्यात रक्त जास्त, कुठला बघवत नाही, कुठला अर्ध्यावर बंद करावा लागला. हे माप पहिल्यांदा बघेपर्यंतच कामाचं. गेले काही महिने मी परदेशी आणि त्यातही कमी बोलले जाणारे भयपट बघते आहे, आणि जे लक्षात राहिले ते मध्ये बरेच दिवस जाऊ देऊन पुन्हा लावले. दुसऱ्या खेपेला धक्का कुठे बसणार ते ठाऊक असतं. मग दिग्दर्शकाच्या पोतडीत आणखी काय होतं ते उघडं पडतं. काही गाजलेली नावं या फेरीत साफ गळाली. काही सिनेमे मात्र पहिल्यापेक्षा जास्त अंगावर आले. मी आग्रहानं सुचवते आहे ते हेच. शेवट कुठेही फोडलेला नाही.

पहिलं नाव 'आंग्स्ट', ऑस्ट्रिया, १९८३. तुरुंगातून सुटलेला एक माणूस, झाडीतला एक बंगला आणि त्यात राहणारं कुटुंब, गोष्ट एवढीच. १९८० मध्ये वर्नर क्नीसेक नावाच्या खुन्यानं एका घरातल्या तिघांना मारलं होतं, त्या प्रकरणावर ती बेतली आहे. दिग्दर्शक गेराल्ड कार्ग्लनं यानंतर कथापट केलाच नाही. कॅमेरा झ्बिग्न्येव रिबचिन्स्कीचा, ज्याला १९८३ मध्येच 'टँगो' या अ‍ॅनिमेशन लघुपटासाठी ऑस्कर मिळालं. त्यानं कॅमेरा नटाच्या अंगालाच जोडला. एर्विन लेडर चालतो, धावतो तेव्हा त्याचा चेहरा पडद्याच्या मधोमध खिळलेला राहतो आणि मागची झाडं, भिंती, आभाळ गरगरत राहतात. बघता बघता पोटात ढवळायला लागतं, आणि तोवर कुणाला बोटही लागलेलं नसतं.

त्यावर निवेदन त्या खुन्याचंच. अगदी शांत आवाजात तो आपलं बालपण सांगतो, आपला बेत सांगतो. पडद्यावर मात्र त्याचा एकही बेत धड पार पडत नाही. तो धडपडतो, घामानं निथळतो, घाबरतो. खुनी म्हणजे थंड डोक्याचा हुशार माणूस, हा सिनेमांनी आपल्या डोक्यात भरवलेला समज इथे पार मोडून पडतो. पहिल्यांदा मी हिंसाच बघत होते. दुसऱ्यांदा आवाज आणि चित्र यांच्यातली ती फट दिसली, आणि तीच जास्त भयानक आहे. क्लाउस शुल्झचं इलेक्ट्रॉनिक संगीत त्या फटीत सतत धडधडत असतं. त्या घरात एक लहानसं डॅक्सहुंड कुत्रं आहे, सगळ्या प्रकारात ते पायात पायात करत फिरतं. त्याला काही होत नाही, हे प्राणिप्रेमींसाठी आधीच सांगून ठेवते.

'पझेशन'चं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण पूर्ण सिनेमा बघितलेले कमी भेटतात. त्यालाही कारण आहे. १९८१ चा हा सिनेमा अमेरिकेत चाळीसेक मिनिटं कापून लावला होता आणि त्या कापाकापीत त्याचा जीवच गेला. तेव्हा आधी लांबी बघा. १२४ मिनिटांची आवृत्ती असेल तरच लावा. भिंतीनं दुभागलेलं बर्लिन, घर सोडू पाहणारी बायको आणि तिच्या मागे वेडापिसा झालेला नवरा. दिग्दर्शक आंजेय झुवाव्स्कीचं स्वतःचं लग्न नुकतंच मोडलं होतं आणि ते भांडणांच्या प्रत्येक प्रसंगात जाणवतं. इझाबेल अद्जानीला त्या वर्षी कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मेट्रोच्या भुयारी वाटेतला तिचा प्रसंग बघितला की ते का मिळालं हे वेगळं सांगावं लागत नाही. हातात सामानाची पिशवी घेऊन ती चालते आहे. आधी हसू फुटतं, मग हसण्याचं कण्हण्यात रूपांतर होतं, मग पिशवी भिंतीवर आपटते, दूध सांडतं, आणि पुढची काही मिनिटं तिचं शरीर तिचं राहत नाही. ना पार्श्वसंगीताची लाट, ना झटपट कट. यातलं राक्षसी प्राणी-प्रकरण पहिल्यांदा डोळे विस्फारायला लावतं. दुसऱ्यांदा मला त्याची गरजच वाटली नाही. स्वयंपाकघरातली भांडणंच पुरेशी होती.

आता जरा वेगळ्या जातीचं भय. 'आतेर्रादोस', अर्जेंटिना, २०१७, इंग्रजीत 'टेरिफाइड'. डेमियन रुग्नाचा 'व्हेन इव्हिल लर्क्स' २०२३ मध्ये स्पेनमधल्या सिट्जेस महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला, तेव्हापासून त्याचं नाव हॉररप्रेमींत झालं. पण मी आधी हाच सुचवते. एका गल्लीतली शेजारशेजारची घरं. एका घरात नवऱ्याला रात्री भिंतीवर काहीतरी आदळल्याचे आवाज येतात. शेजारी ठोकाठोक करतो आहे असं समजून तो वैतागतो. मग बाथरूमचं दार उघडतो. समोरच्या घरात अपघातात गेलेला, रीतसर पुरलेला लहान मुलगा परत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसलेला आहे. तो काहीच करत नाही. नुसता बसलेला आहे. मोठी माणसं त्याच्याकडे बघत उभी आहेत आणि आता हलला की काय, एवढाच प्रश्न आहे. त्या एका खोलीत दिग्दर्शकानं जी शांतता राखली आहे तिला तोड नाही. उत्तरार्ध थोडा विस्कटतो, स्पष्टीकरणं पटापट येतात, पण हा टेबलाचा प्रसंग दुसऱ्यांदाही तसाच गोठवतो. 'व्हेन इव्हिल लर्क्स' जास्त क्रूर आहे. त्यात लहान मुलांच्या बाबतीत फार वाईट गोष्टी घडतात. ज्यांना ते सोसत नाही त्यांना मी तो सुचवतच नाही.

कुणालाही सिनेमा सुचवताना मी हल्ली हेच आधी विचारते: तुला काय अजिबात बघवत नाही? रक्त चालणारे कितीतरी लोक सुई बघू शकत नाहीत. मरणाचं दृश्य सहज पचवणारे लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगाला उठून जातात, आणि त्यांचं बरोबरच आहे. 'इन माय स्किन' हा मरिना द व्हानचा २००२ चा सिनेमा मला अतिशय मोलाचा वाटतो. दिग्दर्शन तिचं, मुख्य भूमिकाही तिचीच. पायाला जखम झालेली एक नोकरदार बाई हळूहळू स्वतःच्याच कातडीत गुंतत जाते. पण विषय स्वतःला इजा करण्याचा आहे. समोरच्याचं मन कुठल्या अवस्थेत आहे हे माहीत नसेल तर हे नाव घेऊ नये.

फ्रेंच एक्स्ट्रीम म्हटलं की दोन नावं निघतातच, 'इनसाइड' आणि 'मार्टर्स'. दोन्ही नवख्यांना अनोळखी आणि मुरलेल्यांना पाठ. 'इनसाइड', २००७, बुस्तियो आणि मोरी या जोडीचा. नाताळची रात्र, नवरा अपघातात गमावलेली, दिवस भरत आलेली बाई, आणि घरात शिरू बघणारी काळ्या कपड्यातली दुसरी. त्या दुसरीच्या हातातल्या कात्रीबद्दल सगळं सांगून झालेलं आहे. मी सांगेन ते एकच चित्र: पुढे ही झोपलेली, आणि मागच्या अंधारातून तो चेहरा इतका सावकाश उमटतो की आपल्याला तो नेमका कधी दिसायला लागला हे कळतच नाही. पहिल्या खेपेला तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. उत्तरार्धात मात्र पोलीस एकापाठोपाठ एक येऊन मरतात आणि माझा ताण दुसऱ्यांदा तिथेच सैल पडला.

'मार्टर्स'चं उलटं झालं. पास्कल लॉजिएचा हा २००८ चा सिनेमा फ्रान्समध्ये आधी १८ वर्षांखालच्यांना बंद केला होता. त्यावर चित्रपटकर्मींनी आवाज उठवला आणि मर्यादा १६ वर आली. पहिल्यांदा बघताना शेवटचा भाग सहनशक्तीची परीक्षा वाटतो. शेवट माहीत असताना बघितला तर पहिल्याच भागात गलबलून येतं, कारण ल्युसी या तरुणीच्या मागे लागलेली ती आकृती नेमकी कोण हे आता ठाऊक असतं. भीतीच्या जागी दुःख येतं. ज्यांनी तो एकदा बघून 'पुन्हा कधीच नाही' म्हटलं आहे त्यांनी वर्षभरानं पहिला अर्धा भाग तरी बघावा असं मला फार वाटतं. २०१५ चा इंग्रजी रिमेक सोडून द्या.

तैवानचा 'द सॅडनेस' मात्र माझ्या यादीतून गेला. पहिल्यांदा मेट्रोच्या डब्यातला प्रसंग बघून हातपाय गळाले होते. प्रत्यक्ष केलेले इफेक्ट्स, त्यामागची मेहनत, सगळं कबूल. दुसऱ्यांदा बघताना त्या पलीकडे काही हाती लागलं नाही. हाँगकाँगचा 'डम्पलिंग्ज' याच्या बरोब्बर विरुद्ध. फ्रूट चॅनचा हा २००४ चा सिनेमा ख्रिस्तोफर डॉइलनं इतका सुंदर टिपला आहे की आधी नजर सुखावते. तारुण्य परत मिळवण्यासाठी एक श्रीमंत बाई काय खायला तयार होते, ही गोष्ट. यातलं खरं हत्यार आवाज आहे. दाताखाली काहीतरी कुरकुरतं, तो आवाज. हेडफोन लावून बघा. हेडफोन नसतील तर हा सिनेमा अर्धाच पोचतो.

आवाजावरून डबिंगचं सांगायलाच हवं. यातला कुठलाही सिनेमा डब केलेला बघू नका. 'आंग्स्ट'मधला तो थंड जर्मन सूर दुसऱ्या कुणाच्या तोंडी गेला की सिनेमा संपला. जपानचा 'नोरोई' हा कोजी शिराइशीचा २००५ चा फाउंड फूटेज, म्हणजे कुणीतरी केलेलं खरं चित्रण सापडल्याचा आव आणणारा सिनेमा, तर टीव्हीच्या कार्यक्रमांचे तुकडे, मुलाखती, अस्पष्ट पुटपुट यांवरच उभा आहे. सबटायटल नीट जुळलेली आहेत ना, एवढं आधी तपासा. 'नोरोई' सुरुवातीला विस्कळीत वाटेल. धीर धरा. शेजारच्या घरातून येणारा बाळाचा आवाज, मेलेले पारवे, सगळ्याचे धागे जुळत जातात, आणि दुसऱ्यांदा बघताना ते पहिल्या काही मिनिटांतच पेरलेले दिसतात.

दुसऱ्यांदा बघण्यासाठीच जणू केलेला आणखी एक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा 'लेक मुंगो', २००८. बुडून गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दल घरचे लोक कॅमेऱ्यासमोर बोलतात. माहितीपटाचा साज इतका अस्सल की हे नट आहेत हे विसरायला होतं. एक्स्ट्रीम म्हणावं असं यात काही नाही, तरी या यादीतून मी तो काढणार नाही. मोबाइलवरच्या चित्रफितीचा प्रसंग बघून झाला की दिवा लावावासा वाटतो. शेवटी नावं यायला लागली की मात्र उठू नका, पडद्यावर नजर ठेवा.

चेकोस्लोव्हाकियाचा 'द क्रेमेटर' १९६९ चा, दिग्दर्शक युराय हेर्झ. काही वर्षांतच तो डब्यात बंद झाला आणि १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट जाईपर्यंत तसाच राहिला. १९३० च्या दशकातलं प्राग, स्मशानभट्टीत काम करणारा कोपफ्रकिंगल नावाचा गोडबोल्या, कुटुंबवत्सल गृहस्थ, आणि दाराशी आलेले नाझी. तो प्रेताच्या केसांतून कंगवा फिरवतो आणि तोच कंगवा सहज स्वतःच्या केसांतून. वाक्य एका ठिकाणी सुरू करतो आणि ते संपतं तेव्हा आपण भलत्याच जागी पोचलेलो असतो. त्याचं गोड बोलणं कधीच थांबत नाही. आत्म्यांना मुक्ती देण्याची त्याची भाषा हळूहळू कुठे जाते ते बघताना माझ्या घशाला कोरड पडली होती.

दोन गाजलेली नावं मी कुणालाच सुचवत नाही. 'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये कॅमेऱ्यासमोर खरे प्राणी मारले आहेत. ती खोट्या रक्ताची कारागिरी नव्हे. 'अ सर्बियन फिल्म'च्या बाजूनं राजकीय रूपकाचा युक्तिवाद करतात, मला तो सिनेमात कुठे उभा राहिलेला दिसला नाही.

अगदी नवीन माणसाला वरचं काहीच आधी देऊ नका. त्यांच्यासाठी 'अंडर द शॅडो', इराण-इराक युद्धातलं तेहरान, क्षेपणास्त्रांखाली एका इमारतीत अडकलेली आई आणि मुलगी. किंवा जोको अन्वरचा इंडोनेशियन 'इम्पेटिगोर'. हे पचले की मग 'स्पोरलोस', इंग्रजीत 'द व्हॅनिशिंग', १९८८, जॉर्ज स्लायझर. प्रवासात पेट्रोल पंपावर थांबलेलं जोडपं, ती आत जाते आणि परत येत नाही. तीन वर्षं तो शोधत राहतो. गुन्हेगार कोण हे सिनेमा लवकरच दाखवून टाकतो: दोन मुलींचा बाप, रसायनशास्त्राचा शिक्षक. तो आपल्या गुन्ह्याची तालीम करतो. स्वतःलाच क्लोरोफॉर्म लावून किती वेळ बेशुद्ध राहतो ते मोजतो, गाडीचं दार उघडून द्यायचा सराव करतो, स्वतःची नाडी बघून आकडा लिहून ठेवतो. रक्त जवळजवळ नाहीच, तरी वरच्या सगळ्यांत हाच मला सर्वात जास्त वेळ पुरला आहे. स्लायझरनंच १९९३ मध्ये हॉलिवूडसाठी याचा रिमेक केला आणि शेवट बदलला. तो चुकूनही आधी बघू नका, आणि मूळ सिनेमाचा ट्रेलरही नको.