लिमिट होल्डेमचा सुरुवातीच्या हातांचा तक्ता: काही महिने वापरल्यानंतर

होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला हातात दोन पानं मिळतात; कुठल्या दोन पानांवर खेळायचं ते सांगणारा हा तक्ता फुकटचाच आहे. पोकर खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एखादा असतो: 13 बाय 13 चौकोन, तिरप्या ओळीत 13 जोड्या, वर उजवीकडे 78 सूटेड हात (दोन्ही पानं एकाच चिन्हाची), खाली डावीकडे 78 ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांची), मिळून 169. हिरवा म्हणजे खेळा, राखाडी म्हणजे टाका आणि पिवळा म्हणजे ‘परिस्थितीनुसार’. हिरव्या-राखाडीसाठी तक्त्याची गरजच नाही. एक्क्यांची जोडी खेळायची आणि सत्ती-दुर्री फेकायची हे कोणीही सांगेल. म्हणून हा रिव्ह्यू फक्त पिवळ्या चौकोनांचा आहे.

कुठे वापरला ते आधी सांगतो, कारण बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. मी सॅन होजेच्या बाजूला राहतो आणि इथल्या कार्डरूममध्ये 4/8 डॉलरचं लिमिट खेळतो, म्हणजे प्रत्येक बेट ठरलेल्या रकमेचीच. ब्लाइंड (दोन जणांनी आधीच टाकायची सक्तीची रक्कम) 2 चा स्मॉल आणि 4 चा बिग, फ्लॉपपर्यंत (मधली पहिली तीन उघडी पानं) बेट 4 ची, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरवर (पाचवं) 8 ची. नऊ जणांचं टेबल आणि त्यातले पाच-सहा जण फ्लॉप बघायला हजरच. भारतात पोकर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नो-लिमिट येतं, सगळ्या चिप्स पुढे ढकलून समोरच्याला घाबरवायचं. इथे ती सोय नाही. 24 डॉलरच्या पॉटमध्ये (मधे जमलेले पैसे) तुम्ही 4 डॉलर लावलेत तर पुढच्याला 4 टाकून 28 जिंकायची संधी, म्हणजे 7 ला 1 असा भाव मिळतो. फ्लश ड्रॉला (चार पानं एकाच चिन्हाची, पाचवं आलं की फ्लश) पुढच्या पानावर लागतो साधारण 4.2 ला 1. तो पानं टाकून जाणार कशाला? आणि त्याने कॉल केला (तेवढेच पैसे टाकले) तर चूकही नाही त्याची.

तक्ता इथेच पहिल्यांदा अडखळतो. पिवळ्या रंगात राजा-गुलाम ऑफसूट, एक्का-नव्वी ऑफसूट आणि राणी-दश्शी ऑफसूट हे हात लहान जोड्या आणि अठ्ठी-सत्ती सूटेड यांच्याच शेजारी बसवलेत, जणू सगळ्यांची जात एकच. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कुळं आहेत.

राजा-गुलाम घ्या. आधी बोलायच्या जागेवरून कोणीतरी रेज केलं, म्हणजे बेट वाढवली. असा माणूस साधारणपणे काय धरून असतो? मोठी जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. यातल्या बहुतेकांपुढे तुमचा राजा-गुलाम डोमिनेटेड आहे (एक पान सारखंच, दुसरं त्याच्यापेक्षा लहान). एक्का-राजासमोर तो चारातून एकदाच जिंकतो. बरं, फ्लॉपवर राजा पडला नाही तर निदान सुटका होते. पडला, की मग खरा खर्च सुरू होतो: फ्लॉपवर 4, टर्नवर 8, रिव्हरवर 8. आधीचे 8 धरून 28 डॉलर गेले आणि समोरच्याने किकर (जोडीसोबतचं मोठं पान) दाखवला. नो-लिमिटमध्ये असा हात एकदाच जोरात मारतो आणि माणूस शहाणा होतो. लिमिटमध्ये तो हप्त्याहप्त्याने घेतो, म्हणून लक्षात येत नाही. तीन पत्तीतून आलेले आपले मित्र दोन चित्रं बघून जे खुलतात ना, त्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड.

लहान जोड्यांचं उलटं आहे. चव्वीची जोडी फ्लॉपवर सेट (तीन सारखी पानं) करते साडेआठातून एकदा. म्हणजे 7.5 ला 1 इतका भाव हवा. पाच जण लिंप करून (रेज न करता फक्त 4 टाकून) आत असतील तर हातातला भाव ब्लाइंडसकट 6.5 ला 1 आहे, उरलेली तूट टर्न-रिव्हरच्या 8-8 मधून भरून निघते, कारण हे लोक पैसे देतात. सेट झाला नाही तर फ्लॉपवर बिनदिक्कत टाकता येतो, राजा-गुलामसारखी ओढ लागत नाही. पण हीच जोडी घेऊन एकट्या रेज करणाऱ्यासमोर 8 डॉलर टाकले तर पॉटमध्ये ब्लाइंडसकट 14 असतात, भाव दोनला एकही नाही. त्याच पानांचा एकदा फायदा, एकदा तोटा, आणि तक्त्यावर रंग एकच.

सूटेड हातांबद्दल थोडा सबुरीचा सल्ला. दोन पानं सूटेड असली की फ्लॉपवर तयार फ्लश येतो 118 मध्ये एकदा, फ्लश ड्रॉ येतो नवात एकदा. एकास एक लढतीत सूटेडपणाची किंमत साधारण दोन ते चार टक्के आहे, त्याहून फारशी जास्त नाही. ‘सूटेड होते म्हणून खेळलो’ हे वाक्य टेबलावर सतत ऐकू येतं आणि बहुतेकदा ते राणी-तिर्रीबद्दल असतं. दश्शी-नव्वी सूटेड मात्र बटनवरून (डीलरची जागा, फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायची), चार-पाच लिंपर पुढे असताना, मी हिरवंच धरतो.

तक्त्यात अजिबात नसलेली गोष्ट म्हणजे कार्डरूमचा कट. कॅलिफोर्नियात पॉटची टक्केवारी घेता येत नाही, ठरलेली रक्कम जाते. माझ्या टेबलावर दर डावाला 5 डॉलर. मोठ्या पॉटमध्ये ते खपून जातात. पण बटनने रेज केलं, स्मॉल ब्लाइंड गेला आणि मी बिग ब्लाइंडवर एकटा उरलो तर? पॉट 14, मला टाकायचे 4. कागदावर 3.5 ला 1, म्हणजे 22 टक्के वाटा पुरे, जवळपास काहीही खेळा. कट वजा केला की 18 चे 13 राहतात आणि तोच आकडा 31 टक्क्यांवर जातो. तक्त्याच्या ब्लाइंडच्या रकान्यातले तळाचे पिवळे चौकोन तिथेच संपले.

कोणी सेफियस या पोकर खेळणाऱ्या प्रोग्रामचं नाव काढेल म्हणून लिहितो. 2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी दोघांचा लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवला. त्यांचा प्रोग्राम डीलरच्या जागेवरून लिंप जवळजवळ करतच नाही, आणि तिथून खेळतो मात्र बहुतांश हात. वाचायला मस्त, पण ते फक्त दोघांच्या खेळाचं उत्तर आहे. नऊ जणांत सहा लिंप करतात त्या टेबलावर त्यातली हातांची निवड उचलू नका.

आता माझ्या प्रतीवर पेनाने केलेले बदल असे: मोठी ऑफसूट पानं रेजनंतर सगळी राखाडी. लहान जोड्या आणि लागोपाठची सूटेड पानं, चार किंवा जास्त जण आत असतील तर हिरवी, नाहीतर राखाडी. एक्का आणि लहान सूटेड पान शेवटच्या दोन-तीन जागांवरूनच. स्मॉल ब्लाइंडवर 2 डॉलर टाकून 26 चा पॉट मिळत असेल, म्हणजे 13 ला 1, तर पिवळं जवळपास सगळं चालतं. फक्त फ्लॉपनंतर सगळ्यांत आधी बोलावं लागतं हे विसरायचं नाही.

नवीन माणसाला तक्ता द्यावा का? जरूर. राखाडी भाग पाळला तरी त्याचे बरेच पैसे वाचतील. 20/40 वर मात्र हा घेऊन जाऊ नये. तिथे लिंप करणारे विरळ, पॉट दोघा-तिघांचा, त्यामुळे चव्वीची जोडी खाली घसरते आणि कोणीच आत आलेलं नसेल तर बटनवरून राजा-गुलाम ऑफसूट बिनधास्त रेज होतो. तिथला तक्ता वेगळाच लागतो.