गूगल ड्राइव्ह: शाळाशाळांच्या सामायिक फोल्डरसाठी कसं आहे?

गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याच्या एकशिक्षकी मराठी शाळेत सगळे वर्ग एकाच बाईंकडे असतात. पाठ फसला तर बोलायला शेजारच्या वर्गात कुणी नसतं. अशा आठ-दहा शाळांनी मिळून एक फोल्डर चालवायला ड्राइव्ह खरंच उपयोगी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरची कृतिपत्रिका चार दिवसांत वर सरकून दिसेनाशी होते. इथे ती पुढच्या वर्षीही नावाने शोधता येते, म्हणून नावात इयत्ता, विषय आणि पाठ हवाच.

ड्राइव्हचं खरं बळ टिप्पणीत आहे. समजा, चोडणच्या बाईंनी खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या शेतीवर, कृतिपत्रिका केली: भरतीला मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं मिटतात, ओहोटीला उघडतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. वाळपईकडच्या मुलांनी खाजन पाहिलेलंच नसतं. तिथल्या सरांनी त्याच ओळीपाशी लिहावं, ‘इथे कुळागर (माड-पोफळीची बाग) घेतलं; मिरीचा वेल माड-पोफळीवर का चढवतात ते मुलांनी घरी विचारून आणलं.’ तिसऱ्या शाळेला मग दोन्ही वाटा आयत्या मिळतात. नुसतं ‘छान’ लिहिलेल्या टिप्पणीचा कुणालाच उपयोग नाही. मुलं कुठे अडली ते लिहा.

फोल्डर देताना सगळ्यांना बदल करण्याचा अधिकार देऊ नका, टिप्पणीचा पुरे. नाहीतर कुणीतरी आपल्या वर्गापुरतं मूळ प्रतच बदलतं. गूगल डॉक्समध्ये जुनी आवृत्ती परत आणता येते, पण ती शोधत बसावं लागतं. आपल्या वर्गासाठी आधी प्रत काढा आणि तिच्यात बदल करा.

सर्वांत जास्त डोकेदुखी जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा शिवाजीत टाइप केलेली वर्ड फाईल फोनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसते. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. फक्त छापायची असेल तर पीडीएफ चालेल.

फुकट जागा 15 जीबी, आणि त्यात मेल व फोटोही आले. व्हिडिओ टाकू नका. रेंज नसलेल्या गावात जायचं तर फाईल आदल्या दिवशी ‘ऑफलाइन’ करून ठेवा. मुलांची नावं-गुण असलेल्या याद्या या फोल्डरात नकोतच.

आणि फोल्डर निवृत्तीला आलेल्या शिक्षकाच्या खासगी खात्यावर उघडू नका. 2 वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, त्यातल्या फायलींसकट.