गोव्यातली हाफ की परदेशातली फुल? कोल्हापूरकरानं ठरवायचं कसं

गोव्याची 70.3, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशी सलग हाफ आयर्नमन ट्रायथलॉन, पार झाली की कोल्हापुरातल्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग, फुल कधी?" आपल्याकडं तालमीच्या मातीत अंगाची रग जोखली जाते. त्यामुळं "अजून एकदा हाफच करतो" म्हणणाऱ्याकडं माघार घेतल्यासारखं बघतात. हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याला उडी मारायला ढकलणारे खूप भेटलेत पण नीट हिशोब सांगणारा कुणी भेटलेला नाही. मी दोन्ही केलंय. हाफ गोव्यात, फुल कझाकस्तानात. पोडियमशी माझा संबंध नाही. नोकरी आणि घर सांभाळून मधल्या गर्दीत पोहोचणारा मी गडी.

आधी अंतरं. हाफ म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं; एकूण 113, मैलांत 70.3. फुल म्हणजे बरोबर दुप्पट: 3.8, 180 आणि 42.2, मिळून 226. हे अंतर माणसाच्या शरीराचा अभ्यास करून कुणी काढलेलं नाही. 1978 च्या फेब्रुवारीत हवाईतल्या ओआहू बेटावर, सगळ्यात दमदार खेळाडू कोण या वादातून, तिथल्याच तीन कार्यक्रमांची मोळी बांधली गेली: वायकिकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकल आणि होनोलुलू मॅरेथॉन. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली, आणि पहिला आलेला गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटांनी पोहोचला. म्हणजे फुल आली पैजेतून. हाफ पुढं तिच्यातून कापून काढली. त्यामुळं हाफ पहिली इयत्ता आणि फुल दुसरी, असं कुणी आखून ठेवलेलं नाही. हे लक्षात घेतलं तर निम्मं दडपण तिथंच उतरतं.

कटऑफचा हिशोब फसवा आहे

कटऑफ म्हणजे शर्यत पूर्ण करायची वेळमर्यादा. बहुतेक स्पर्धांत हाफला साडेआठ तास मिळतात: पोहायला 1 तास 10 मिनिटं, सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपलेली हवी, उरलेल्या वेळात धावणं. फुलला बहुतेक ठिकाणी 17 तास, काही ठिकाणी 16. पोहायला 2 तास 20 मिनिटं आणि साडेदहा तासांच्या आत सायकल जमा. आता कागद-पेन घ्या. पोहण्याचा सगळा वेळ वापरला आणि ट्रान्झिशनला, म्हणजे पाण्यातून बाहेर येऊन सायकलवर बसेपर्यंत, दहा मिनिटं गेली असं धरा. हाफमध्ये सायकलला 4 तास 10 मिनिटं उरतात, म्हणजे ताशी 21.6 चा वेग. फुलमध्ये उरतात आठ तास, म्हणजे 22.5. फरक नगण्य. धावण्यात तर उलटंच आहे: हाफला किलोमीटरमागं साडेआठ मिनिटं मिळतात आणि फुलला सव्वानऊ. फुलची मॅरेथॉन झपझप चालत काढली तरी वेळेत बसते.

हे गणित मांडून "मग मला फुल जमेलच" म्हणणारे आमच्यात बरेच आहेत. गणित बरोबरच आहे. फक्त त्यात असं गृहीत धरलंय की सातव्या तासाला जे शरीर आहे तेच तेराव्या तासालाही असेल. तसं नसतं. हाफमध्ये वाईट वाटायला लागतं ते शेवटच्या सात-आठ किलोमीटरला. दात-ओठ खाऊन ते निभावून नेता येतं. फुलमध्ये तसंच वाईट वाटायला लागतं तेव्हा अजून अख्खा संध्याकाळचा भाग शिल्लक असतो, आणि तेवढा वेळ दात-ओठ खाता येत नाहीत. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झ्युरिकची फुल 15 तास 19 मिनिटांत पूर्ण केली. त्याचं देशभर कौतुक झालं ते योग्यच. आपल्या पहिल्या फुलची वेळ ठरवताना तो आकडा डोळ्यासमोर असू दे. ग्रुपमधल्या बारा तासवाल्याचा नको.

पोटाचा कारभार

हाफ आणि फुलमधला खरा फरक मला इथं दिसला. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साखरेचा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो. नीट जेवून उतरलेला माणूस त्यावर, आणि जोडीला थोडी जेल, केळी घेऊन हाफ ओढून नेतो. खाण्यात गडबड झाली तरी शेवट कडू होतो एवढंच. फुलमध्ये साठा सायकलवरच संपतो. त्यानंतर तुम्ही जे खाल आणि पचवाल त्यावरच पुढचं सगळं. ताशी 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायचं म्हणतात; एका जेलमध्ये किंवा मध्यम केळ्यात साधारण 25 असतं. सात तासांच्या सायकलिंगला ताशी 60 धरलं तरी 400 ग्रॅमच्या वर गेलं. तेही एरोबारवर (हँडलच्या पुढच्या दांड्यांवर) वाकून, हलत्या पोटात, उन्हात. नंतर मॅरेथॉन आहेच.

आणि नेमका हाच सराव आपल्याकडं होत नाही. कोल्हापुरी लाँग राइड म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरवर टेबलाशी बसून मिसळ, वर चहा, फोटो, मग परत. त्यात मजा आहे, मीही सोडलेली नाही. पण पाय जमिनीवर टेकवून खाल्लेला कट तुमच्या आतड्याला शर्यतीचं काहीच शिकवत नाही. फुल करायची असेल तर तीन-चार महिने दर रविवारी सायकलवरच, न थांबता, घड्याळ लावून खायला लागतं. खजूर, चिक्की, मीठ लावलेला बटाटा, जे चालेल ते. पण शर्यतीत जे घेणार तेच. मीठ आणि पाण्याचंही तसंच. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याचा त्रास तहानेपेक्षा वाईट. हाफच्या तयारीत हे सगळं थोडक्यात उरकतं. फुलच्या तयारीत हाच चौथा खेळ समजा.

पाऊस कुठल्या महिन्यात पडतो हे बघून स्पर्धा निवडा

या मुद्द्यावर पुण्या-मुंबईचे कोच फारसं बोलत नाहीत. आपल्याला मात्र तो टाळता येत नाही.

गोव्याची स्पर्धा आतापर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झालेली आहे. त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या राइड सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून पुढं येतात. पाऊस ओसरलेला, रस्ते धुतलेले, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अजून रस्त्यावर उतरलेल्या नाहीत. शंभर किलोमीटर पुरतात, आणि गगनबावडा करून आलं की ते भरतात. चढाची हौस असेल तर पन्हाळा, जोतिबा आहेच. हाफची तयारी कोल्हापूरच्या ऋतुचक्रात अलगद बसते.

कझाकस्तानची फुल ऑगस्टमध्ये अस्ताना शहरात असते. म्हणजे सगळ्यात लांब राइड येतात जून-जुलैत. गगनबावड्याकडं त्या दिवसांत सायकल काढणं म्हणजे ब्रेक पॅड आणि नशीब दोन्ही झिजवणं. महामार्गावर बेळगावच्या वीसेक किलोमीटर अलीकडून मागं फिरलं की 180 भरतात, पण ट्रकच्या चाकांचं पाणी तोंडावर घेत तवंदी घाट उतरायचा. 2019 आणि 2021 च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद होता. मी तयारीतल्या बहुतेक मोठ्या राइड घरच्या गॅलरीत होम ट्रेनरवर काढल्या. पाच-पाच तास एकाच जागी, समोर भिंत. पाय तयार होतात, याबद्दल दुमत नाही. डोकं तयार होतं का, हे ज्याचं त्यानं बघावं. बदल्यात अस्तानाचा रस्ता सपाट आणि हवा कोरडी. त्रास असतो तो गवताळ मैदानावरून येणाऱ्या वाऱ्याचा.

मलेशियातल्या लंकावीची फुल नोव्हेंबरच्या आसपास असते, म्हणून तयारीला आपला सप्टेंबर-ऑक्टोबर मिळतो. कागदावर ती कोल्हापूरकराला सोयीची. पण तिथला सायकलचा रस्ता चढउताराचा, आणि दमटपणा असा की घाम सुकतच नाही. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर राहणारी माणसं, कोकणात उतरलं तरी कासावीस होतो. पहिली फुल म्हणून मी ती कुणाला सुचवणार नाही. खिशाला परवडत असेल तर डिसेंबरमधली ऑस्ट्रेलियातली बसलटन मला सगळ्यात जुळणारी वाटते: रस्ता सपाट, आणि पावसाळा संपल्यावर दोन महिने कोरडे रस्ते हातात.

पाणी

आपल्याकडं विहिरीत, पंचगंगेत डबा बांधून पोहायला शिकलेले खूप. वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकला गेलेला जलतरणपटू या गावचा. त्यामुळं पोहण्याची भीती कमी असते, पण तंत्रही कमी असतं. गोव्यात मिरामारला अरबी समुद्र आहे. खारं पाणी अंग उचलून धरतं, मात्र लाटा डोळ्यांसमोरचा बोया (दिशा दाखवणारा तरंगता गोळा) लपवतात आणि तोंडात मीठ जातं. पाणी कोमट, म्हणून वेटसूटचा प्रश्नच येत नाही. अस्तानात इशिम नदी आहे: पाणी शांत, गोडं आणि थंड, म्हणून वेटसूट. वेटसूट तरंगवतो, वेग वाढवतो. पण तो आपल्या पाण्यात घालून सराव करायचा म्हणजे उकडून निघायचं. पहाटे राजाराम तलावात थोडा वेळ तरी घालून बघावा. मान घासते, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि ही ओळख स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा व्हायला नको. 3.8 किलोमीटर हे अंतर म्हणाल तर त्याचा बाऊ नको. 1.9 सुखात पोहणारा माणूस सरावानं 3.8 पोहतो. तिन्हींत सगळ्यात सोपी दुप्पट हीच.

घर आणि खिसा

हाफला आठवड्याला आठ-दहा तास दिले तर सन्मानानं पूर्ण होते. फुलला शेवटचे तीन महिने बारा ते पंधरा लागतात, आणि ते तास पसरून येत नाहीत. शनिवारची सायकल, रविवारचं लांब पळणं, म्हणजे शनिवार-रविवार दुपारपर्यंत तुम्ही घरात नाही, आणि दुपारनंतर असून नसल्यासारखे. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, आई-वडिलांचा दवाखाना, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं. म्हणून फुलची नोंदणी करण्यापूर्वी कोचशी बोलण्याआधी घरात बोला. "बघू, जमवून घेऊ" हा होकार समजू नका. कुठले रविवार जाणार ते कॅलेंडरवर दाखवा आणि मग विचारा.

पैशाचं थोडक्यात. गोव्याला गाडीत सायकल टाकून घरच्यांसकट सकाळी निघालं की दुपारी पणजीत. फुलला नोंदणी, विमान, हॉटेल, सायकलचा बॉक्स आणि त्याचं सामान-शुल्क. कझाकस्तानात भारतीयांना 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मलेशियानंही डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांची सूट दिलेली आहे. तिकीट काढण्यापूर्वी ती चालू आहे का ते बघा. युरोप किंवा ऑस्ट्रेलिया म्हटलं की व्हिसाची वाट बघणंही तयारीतच धरायचं. बॉक्समध्ये सायकल भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमच्या आत बांधा, पेडल सुटे करा, आणि हे काम एकदा स्वतःच्या हातानं घरी करून बघा. परक्या गावात शर्यतीच्या आदल्या दिवशी मेकॅनिकची रांग लांब असते.

मग कुणी काय करावं

गोव्याची हाफ साडेसात-आठ तासांत, शेवटी चालत पूर्ण केली असेल, तर मी पुन्हा हाफच सांगेन. आणि त्याच वर्षी राजाराम तलावातली बर्गमन, म्हणजे कोल्हापुरातलीच ट्रायथलॉन, जोडून. तेच 113 किलोमीटर, घरचं जेवण, झोप स्वतःच्या गादीवर. आयर्नमन ब्रँडचा शिक्का नाही एवढंच. हाफ साडेसहाच्या आत आली, धावताना चालावं लागलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, तर फुलचा विचार करायला हरकत नाही. वय चाळिशीच्या पुढं असेल तर आधी हृदयाची तपासणी, त्यात घासाघीस नको.

एका प्रकारच्या माणसाला मात्र मी मधली हाफ वगळून थेट फुलकडं जायला सांगेन: जो आधीच वर्षानुवर्षं ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करतो, 300-400 किलोमीटर रात्रभर सायकल चालवतो, ज्याला रस्त्यावर खायची आणि कंटाळा पचवायची सवय आहे. त्याला हाफचा वेग जड जातो, फुलचा संथपणा मानवतो. असे लोक कोल्हापुरात कमी नाहीत आणि त्यांनाच उगीच "आधी हाफ कर" म्हणून अडवलं जातं.

ज्यांचं पोहणंच अजून जमलेलं नाही, त्यांना गोव्यात रिलेचीही सोय असते: पोहायला एक, सायकलला दुसरा, धावायला तिसरा. ग्रुपमध्ये एखादा पंचगंगेवरचा पोहणारा शोधा, 90 किलोमीटर सायकल स्वतः घ्या. ट्रान्झिशन, कटऑफ, दमट हवा, पोटाची तक्रार, सगळं जवळून बघायला मिळतं आणि फीही तिघांत वाटली जाते.