पांदणीत कोणती गाडी घ्यायची: हिमालयन, एक्सपल्स का केएलएक्स

आत्याच्या पोराचा परवा फोन आला, दादा डोंगरातल्या बारीक वाटांसाठी कोणती गाडी घेऊ म्हणून. त्याच्या मनात रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० बसलीय, आणि बसणारच, गाडी दिसायलाच तशी आहे. पण त्याला फिरायचंय कुठं, तर आपल्या बीडच्या बालाघाट डोंगरात, धारूर-पाटोद्याकडच्या पाउलवाटांनी आणि शेताच्या पांदणीतनं, जिथं दोन्ही अंगानं बाभळी गाडीवर येतात आणि समोरून बैलगाडी आली की आपल्यालाच गाडी मागं ढकलावी लागते. अजून कुणाचा हाच घोळ चालू असंल तर त्यालाही कामी येईल म्हणून सगळंच लिहायलोय.

क्वाडचं (चार जाड चाकांची, हँडलची डोंगरी गाडी, तिलाच एटीव्ही म्हणतात) आधी मिटवतो, कारण त्यानं तेही विचारलं. चार चाकी एटीव्हीचं आपल्याकडं रोडसाठी पासिंग सहसा होत नाही, म्हणजे डोंगरापर्यंत न्यायलाच टेम्पो करा, आणि मोठ्या क्वाडची रुंदी चार फुटाच्या आसपास, ती पाउलवाटंत शिरणार कुठून.

आता बाईक. सगळ्यात आधी वजन बघा, पॉवर नंतर. हिमालयन ४५० पेट्रोल भरून १९६ किलो, हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही १५९, नवी एक्सपल्स २१० साधारण १६८, आणि कावासाकीची केएलएक्स २३० फक्त १३९. कागदावर हे नुसते आकडे वाटतात, पण पांदणीत गाडी दिवसातून तीन-चारदा आडवी होतेच, आणि चौथ्यांदा उन्हात एकट्यानं उचलताना हिमालयन आणि एक्सपल्समधले ३७ किलो काय असतात ते कंबरेला कळतं. मित्राची हिमालयन मी ओढ्यातनं काढलीय, मुरमावर चाक फिरत होतं आणि आम्ही दोघं ढकलत होतो, माझी फोर व्ही तिथनंच मी एकट्यानं काढली.

हिमालयनला वाईट म्हणत नाही मी. ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, बीडवरनं संभाजीनगर किंवा त्याच्याही पुढं सामान बांधून जायचं असलं तर तिच्यासारखी दुसरी नाही, बाकीच्या दोघी हायवेला तिच्यापुढं दमतात. पण तिचा पुरा टॉर्क (ओढायची ताकद) ५५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेतं तेव्हा येतो, आणि बारीक वाटंत आपण पहिल्या गियरमधी अर्ध्या क्लचवर रांगत असतो, तिथं इंजिन वर पळवायला जागाच नसते. जुनी हिमालयन ४११ ह्या बाबतीत बरी, पॉवर कमी पण खालनंच ट्रॅक्टरसारखी ओढते, फक्त तीही १९९ किलोची.

केएलएक्स म्हणजे खरी डोंगरातली गाडी. बारीक, हलकी, गुडघ्यात धरली की नुसत्या अंगाच्या कलण्यावर वळते. पण सीट ८८० मिलिमीटर, माझी उंची साडेपाच फूट, दगडावर थांबायचं म्हटलं की पाय टेकत नाही आणि तिथंच तोल जातो. टाकीही साडेसात लिटरच्या आसपास, आणि आपल्याकडं डोंगरात पेट्रोल पंप कुठंय. उंच माणूस असंल आणि घरी रोजच्याला दुसरी गाडी असंल तर डोळे झाकून घ्या.

राहिली एक्सपल्स, आणि माझं मत तिच्याच बाजूनं आहे. फोर व्हीची सीट ८२५, टाकी १३ लिटर, पुढं २१ इंची आणि मागं १८ इंची चाक, खाली जागा २२० मिलिमीटर. खालच्या आरपीएमला ती जरा मरगळलेली वाटते हे खरंय, चढाला क्लच खेळवावाच लागतो, पण मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन-तीन दात मोठं टाकलं की पहिल्या गियरात चांगली रांगायला लागते. २१० मधी सहा गियर, लिक्विड कूलिंग आणि २४.६ पीएस आलेत, सस्पेन्शनही पुढं २१० आणि मागं २०५ मिलिमीटर खाली-वर होतं, फोर व्हीचं १९० आणि १७० आहे. नवीच घ्यायची आणि बजेट असंल तर २१० घ्या, रोड आणि डोंगर दोन्ही होतं. पण पांदणच शिकायची असंल तर सेकंडहँड फोर व्ही घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले बूट, गुडघ्याचे गार्ड आणि टायर घ्या. फोर व्हीच्या प्रो व्हर्जनच्या नादी उंची बघूनच लागा, तिची सीट ८९१ आहे.

गाडी कोणतीही घ्या, बाभळीचा काटा कुणालाच सोडत नाही, ट्यूब असंल तर जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप सोबत पाहिजेच. आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काळ्या रानात गाडी घालूच नका, माती चाक आणि मडगार्डच्या मधी अशी गच्च बसती की चाक फिरतच नाही, त्यात लोकाच्या वाटंची चाकोरी मोडती ती वेगळीच. पाटोद्याकडं गेलात तर नायगावच्या मोरांच्या अभयारण्यात गाडी न्यायची नाही, ते बाहेरूनच.

टेस्ट राइड शोरूमसमोरच्या डांबरीवर घेऊन काहीच कळत नाही. जमलं तर ओळखीच्या कुणाची तरी गाडी मागा, पांदणीत न्या, हँडल पूर्ण वळवून पाय न टेकता यू-टर्न मारून बघा, मग मुद्दाम आडवी पाडून एकट्यानं उचलून बघा. जी उचलता आली ती घ्या.