बँकॉक: ‘पॅलेस आज बंद आहे’ असं कुणी म्हणालं तर थांबू नका

ग्रँड पॅलेस सकाळी 8:30 ते दुपारी 3:30 उघडा असतो. तिकीट 500 बाथ. बंद असलाच तर ते विसेत चायश्री दरवाज्यावर कळतं, रस्त्यावरच्या इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थाकडून नाही. त्या गृहस्थाचं ऐकलं आणि रत्नांच्या एका दुकानात नीलमाच्या खड्यापायी माझे 18,500 बाथ गेले. म्हणजे 44,400 रुपये, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क 1,554.

पुढे तो गृहस्थ काय म्हणाला ते तुम्ही ओळखलंच असेल. दुपारपर्यंत पूजा आहे, तोवर एक मोठा बुद्ध बघून या, सरकारी टुकटुक (तिथली रिक्षा) आहे, फक्त 20 बाथ. त्याने आमच्या नकाशावर पेनाने गोलसुद्धा काढून दिला.

मी आणि माझी मैत्रीण डोळे मिटून फिरणाऱ्या नाही. हॉस्टेलचा बेड 350 बाथचा, जेवण गाडीवरचं, टॅक्सीवाल्याने मीटर टाकला नाही तर उतरून जायचं. त्याच सकाळी नारिंगी झेंड्याच्या बोटीने ता चांग धक्क्यावर आलो होतो, माणशी 16 बाथ देऊन. मग दोघींना अर्धं शहर हिंडवून टुकटुकवाला 20 बाथ घेणार, तर पेट्रोल कुठून येतं? दुकानातून! गिऱ्हाईक आणलं की चालकाला पेट्रोलचं कूपन, खरेदी झाली की कमिशन. इतकी स्वस्त टुकटुक दिसली की बसूच नका.

देवळात चिटपाखरू नव्हतं. फक्त एक नीटनेटका माणूस बसला होता. मी सिंगापूरला असतो म्हणाला, आणि टुकटुकवाला आम्हाला ज्या दुकानात नेणार होता, कुणी न विचारता त्याच दुकानाचं नाव घेतलं. मैत्रीण हळूच म्हणाली, “अगं, आपण कुठे चाललोय ते याला कसं ठाऊक?” मी म्हटलं, “गप गं, ऐकेल तो.” दुकान अजून पुढे होतं, पाकीट पर्समध्ये होतं, तिथून उठून चालू लागलो असतो तर एक पैसा गेला नसता. रात्री झोप लागत नाही ती याच वाक्यामुळे. पण देवळात बसलेला माणूस खोटं बोलेल असं कुणाच्या मनात येतं?

दुकानात पहिलाच प्रश्न, “इंडिया? नीलम?” भावाला साडेसाती आहे आणि आईने नीलम बघायला सांगितला होता, नाहीतर मी आत पाऊल टाकलं नसतं. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर खडा अस्सल असल्याचं लिहिलं होतं. किंमत कुठेच नव्हती. असल्या कागदावर विसंबू नका. घरी आल्यावर आमच्या सराफांनी सांगितलं, खडा खरा आहे, पण धुरकट, चार हजार रुपयांच्या वर जाणार नाही.

हॉस्टेलवर संध्याकाळीच शंका आली म्हणून चौकीत गेलो. दोन तास बसवून ठेवलं. खडा नकली आहे का? माहीत नाही. जबरदस्ती केली? नाही. मग हा किमतीचा वाद, दुकानदाराशी बोला. दुकानाला कुलूप. दुसऱ्या दिवशी पॅलेसला गेलो तर तोच माणूस, तोच शर्ट, एका जोडप्याला ‘आज बंद’ सांगत उभा, आणि दहा पावलांवर गणवेशातला शिपाई! मी बोट दाखवून ओरडले, तर शिपायाने मलाच पुढे सरकायला सांगितलं. सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणूनच हे वर्षानुवर्षं चालतं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला, व्यवहार वैध आहे. इथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, हद्द आमची नाही. मग हद्द कुणाची?

माल पोस्टाने घरी पाठवतो म्हणतील, पाठवू देऊ नका. खडा हातात नसेल तर परत काय करणार? पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा आणि दुकानात शिरायच्या आधी लावा.

मी आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केला आहे. अशा खरेदीचे पैसे कुणाला परत मिळाले असतील तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं ते कृपया सांगा.