जेआर पास आता कोणाला परवडतो?

जपानला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटाच्या पाठोपाठ लोक जेआर पास, म्हणजे जेआर रेल्वेवर ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करू देणारा पर्यटकांचा पास, घेऊन टाकतात. ऑक्टोबर २०२३ पूर्वी ही सवय खपून जायची. तेव्हा सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळायचा आणि टोकियो-क्योटो जाऊन-येऊनच त्याचे जवळजवळ सगळे पैसे वसूल व्हायचे. त्या महिन्यात दर एकदम ५०,००० येनवर गेला. चौदा दिवसांचा ८०,००० आणि एकवीस दिवसांचा १,००,००० झाला. घेण्याआधी अधिकृत साइटवर ताजा दर पाहाच, पण हिशेबाची रीत खाली दिली आहे तीच राहील.

आधी नेहमीचा मार्ग घेऊ. टोकियो ते क्योटो शिंकानसेनची (बुलेट ट्रेनची) आरक्षित सीट साधारण १४,००० येन. क्योटो ते ओसाका शिनकाइसोकु ही जलद लोकल अर्ध्या तासात आणि सहाशे येनच्या आत पोहोचवते. शिन-ओसाका ते टोकियो परत साधारण १४,५००. एकूण २९,०००. पास घेतलात तर २१,००० येन पाण्यात. परतीचं विमान ओसाकाहून असेल तर पासचा विचारही करू नका.

हिरोशिमा जोडलं की पास वसूल होतो, असं सर्रास सांगितलं जातं. मांडून पाहा: टोकियो-क्योटो १४,०००, क्योटो-हिरोशिमा साधारण ११,५००, हिरोशिमा-टोकियो १९,५००. झाले ४५,०००. नारिता विमानतळावरून शहरात येणारी नारिता एक्स्प्रेस साधारण ३,०००, हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची लोकल आणि जेआरची फेरीबोट जाऊन-येऊन मिळून बाराशेच्या आसपास. म्हणजे ओढूनताणून ४९,०००. तेही सगळं सलग सात दिवसांत बसवलं तरच. वाचलं काहीच नाही, उलट वेळापत्रकाला बांधून घेतलं.

बांधून घेतलं म्हणण्याचं कारण नोझोमी. टोकियो-ओसाका मार्गावर सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगवान गाड्या याच. पासवर नोझोमी आणि तिच्यासारखीच पश्चिमेकडची मिझुहो फुकट नाहीत. वेगळं पूरक तिकीट काढावं लागतं. टोकियो-क्योटोला ते एका बाजूचं ४,९६० येन, टोकियो-हिरोशिमाला ६,५००. ते टाळायचं तर हिकारी ही थोडी हळू शिंकानसेन घ्यायची. क्योटोला नोझोमी सव्वादोन तासांत जाते, हिकारी दोन तास चाळीस मिनिटांत. एवढा फरक चालण्यासारखा आहे, पण हिकारी तासाला दोनच्या आसपास असतात आणि हिरोशिमाला जाताना बहुतेक वेळा शिन-ओसाका किंवा शिन-कोबेला उतरून साकुरा ही पुढची शिंकानसेन पकडावी लागते. सामान आणि लहान मूल सोबत असेल तर हे बदलणं अंगावर येतं.

मग पास जिंकतो कुठे? लांब पल्ला आणि कमी दिवस असतील तिथे. टोकियो-क्योटो, क्योटो-हिरोशिमा, हिरोशिमा-हाकाता (फुकुओका शहराचं स्टेशन, साधारण ९,०००) आणि हाकाताहून थेट टोकियो (साधारण २३,०००) अशी फेरी ५७,००० च्या पुढे जाते. उत्तरेला टोकियो ते होक्काइदो बेटावरचं शिन-हाकोदाते-होकुतो एका बाजूचे साधारण २३,००० येन. जाऊन येऊन त्याच आठवड्यात क्योटो एका बाजूने केलं तरी साठ हजार होतात. शिवाय उत्तरेकडच्या हायाबुसा या वेगवान शिंकानसेनला पासवर पूरक तिकीट लागत नाही. मात्र तिच्या सगळ्या सीट आरक्षित असतात, तेव्हा सीट आधी काढायची.

सुट्टी दोन आठवड्यांची असली म्हणून चौदा दिवसांचाच पास हवा असं नाही. टोकियोचे दिवस सुरुवातीला, ओसाकाचे शेवटी ठेवा आणि लांबचे प्रवास मधल्या सात दिवसांत कोंबा. दिवस कॅलेंडरचे मोजतात, चोवीस तासांचे नाहीत. रात्री नऊला पास सुरू केला की एक दिवस गेलाच.

बहुतेकांसाठी खरा सौदा छोट्या पासात आहे. जेआर वेस्ट या पश्चिम जपानातल्या जेआर कंपनीचा कान्साई-हिरोशिमा (ओसाका-क्योटो परिसर ते हिरोशिमा) पास पाच दिवसांचा, १७,००० येनचा. एकट्या शिन-ओसाका-हिरोशिमा जाऊन-येऊनचं भाडंच २१,००० च्या आसपास जातं. या पासवर शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमीही जादा पैसे न देता चालते, मियाजिमाची फेरीबोट आणि कान्साई विमानतळाची हारुका गाडीही धरलेली आहे. चूक होते ती एकाच ठिकाणी: क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकानसेनचा तुकडा जेआर सेंट्रल या दुसऱ्या कंपनीचा असल्याने यात येत नाही, तिथे शिनकाइसोकुनेच जायचं. टोकियो-क्योटो सुटं तिकीट आणि हा पास मिळून ३१,०००, परतीचं विमान ओसाकाहून. होकुरिकु आर्च पास (सात दिवस, मार्च २०२४ मध्ये ३०,००० येन) टोकियोहून कानाझावामार्गे ओसाकाला नेतो, पण त्या दरातही एकाच दिशेने गेलात तर दोन्ही टोकांच्या विमानतळ गाड्या धरूनही जेमतेम बरोबरी व्हायची. मार्च २०२४ पासून कानाझावा-क्योटो प्रवासात त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, हेही धरून चाला.

शहरांत जेआर पासवर विसंबू नका. टोकियो मेट्रो, क्योटोच्या बस, हाकोनेची ओदाक्यु, कावागुचिको तळ्याकडे जाणारी फुजिक्यु, यांपैकी काहीच त्यात नाही. त्यासाठी सुइका किंवा इकोका हे पैसे भरून ठेवायचं कार्ड लागतंच. फुशिमी इनारीला जेआरने जाता येतं खरं, पण ते भाडं दीडशे येनच्या घरातलं; असले प्रवास हिशेबात धरून पास घेण्याचं समर्थन करू नये.

घ्यायचाच ठरला तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. पासपोर्टवर ‘तात्पुरता अभ्यागत’ असा शिक्का किंवा स्टिकर लागतो. विमानतळाच्या स्वयंचलित फाटकातून बाहेर पडलात तर तो मिळत नाही, म्हणून अधिकारी बसलेली रांग धरा. परदेशातून घेतलेलं एक्स्चेंज ऑर्डर (देऊन पास घ्यायचा तो कागद) तीन महिन्यांत बदलून घ्यावं लागतं. पास हरवला तर दुसरा देत नाहीत. कागदी पास फाटकाच्या फटीत घातल्यावर पलीकडे बाहेर येतो. गडबडीत तिथेच राहतो, तो उचला. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर तोकाइदो, सान्यो आणि क्युशू शिंकानसेनवर मागे सामानाची जागा असलेलीच सीट आरक्षित करा, नाहीतर १,००० येन दंड. आणि सीट निवडताना टोकियोहून क्योटोकडे जाताना असो की परतताना, फुजी पर्वत पाहायला ‘ई’ अक्षराची खिडकीकडची सीटच घ्या.